वाचकांचे प्रश्न : नवी गाडी घेताना

एक्स-शोरूम ९ लाख ४० हजारांच्या पेट्रोल गाडीचं कोटेशन शोरूमने दिलं. त्यात आरटीओ, विमा, फास्टॅग यांच्याशिवाय ‘हँडलिंग ८,५००’ आणि ‘एसेन्शियल किट १४,०००’ अशा दोन ओळी आहेत. दोन्ही सक्तीच्या आहेत असं सेल्समन म्हणतो. खरं का? – वाचक, नाशिक

नाही. गाडी कारखान्यातून शोरूमपर्यंत आणणं, यार्डात ठेवणं, धुऊन-पुसून तुमच्या हाती देणं हा सगळा खर्च एक्स-शोरूम किमतीतच धरलेला असतो. ‘हँडलिंग’, ‘लॉजिस्टिक’, ‘फॅसिलिटेशन’ ही एकाच शुल्काची नावं आहेत. हे शुल्क कोणत्या नियमाने लावलं, ते लेटरहेडवर लिहून मागा. बहुतेक ठिकाणी ती ओळ तिथेच गळते.

बाकीच्या ओळी तुम्हाला घरी बसून तपासता येतात. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के कर आहे. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त. म्हणजे तुमच्या गाडीचा कर १,०३,४०० रुपये. नोंदणीचं सरकारी शुल्क ६०० आणि कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे १,५०० रुपये. कोटेशनमध्ये ‘आरटीओ’समोर सव्वा लाख लिहिलं असेल, तर वरचे वीस हजार कुणाचे हे विचारायला हवंच. पैसे भरल्यावर कराची पावती मागा. पावतीवरचा आणि कोटेशनमधला आकडा जुळला पाहिजे.

किटमध्ये साधारणपणे मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर, परफ्यूम आणि किचेन असतं. नको असेल तर नको म्हणा. मात्र ‘किट घेतलं तरच सूट’ असं सांगितलं, तर सुटीची रक्कम आणि किटची किंमत शेजारी-शेजारी मांडून बघा. १५ हजारांची सूट आणि १४ हजारांचं किट, म्हणजे सूट एक हजाराचीच. सूट बिलावरच कमी करून मागा, ‘नंतर खात्यावर जमा करू’ हे मान्य करू नका.

आणखी दोन गोष्टी. बुकिंगचे पैसे सेल्समनच्या स्वतःच्या यूपीआयवर कधीही पाठवू नका. शोरूमच्या खात्यावर पाठवा आणि पावतीवर मॉडेल, व्हेरियंट, रंग आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या. आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं प्राप्तिकर कायद्याने शोरूमलाच मना आहे. ‘थोडे कॅश द्या, अॅडजस्ट करतो’ म्हणणाऱ्याचं अॅडजस्टमेंट तुमच्या बाजूचं नसतं. गाडीचं बिल दहा लाखांच्या वर गेलं, तर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा प्राप्तिकर, कापतात. तो खर्च नव्हे, विवरणपत्रात परत मिळतो. फक्त बिलावर पॅन बरोबर आहे ना ते बघा.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी घ्यायची आहे. गाडी आधी तपासून घ्या असं सगळे सांगतात, पण शोरूमवाले म्हणतात, ‘डिलिव्हरीच्या दिवशी दाखवूच की.’ नेमकं काय आणि कधी बघायचं? – वाचक, कोल्हापूर

डिलिव्हरीच्या दिवशी बघून काही उपयोग नाही. त्या दिवशी गाडीला हार घातलेला असतो, चाकाखाली लिंबू असतात, पेढे वाटून झालेले असतात आणि मागे आणखी पंचवीस गाड्या रांगेत उभ्या असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तोवर गाडी तुमच्या नावावर पासिंग झालेली असते. पासिंग झालेली गाडी शोरूम बदलून देत नाही. डेन्ट दिसला तर ‘काढून देऊ’ म्हणतात आणि ती गाडी रंगकामाच्या बूथमध्ये जाते. तुमचा शब्द चालतो तो पासिंगच्या आधीच.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी चासी नंबर लेखी मिळवा, मग ती गाडी यार्डात जाऊन बघा, मग उरलेले पैसे, मग बिल, विमा, कर, पासिंग, नंबर प्लेट आणि शेवटी डिलिव्हरी. दसऱ्याला गाडी हवी असेल तर पितृपक्षातच जा. त्या पंधरवड्यात शोरूम रिकामी असतात, भावावर बोलता येतं आणि यार्डातला माणूस तुमच्यासाठी वेळ काढतो. पितृपक्षात गाडी बघून ठरवायची, नवरात्रात कागद करायचे आणि दसऱ्याला फक्त नारळ फोडायचा.

तपासणी दिवसाउजेडी, धुऊन कोरड्या केलेल्या गाडीची, उघड्या जागेत करा. बेसमेंटच्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या चकचकीत दिसतात. प्रत्येक दारासमोर, मग बोनेटसमोर खाली वाकून तिरकं बघा. लाटेसारखी सावली पडली तर पत्र्याला काही झालेलं आहे. दाराच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या हव्यात. मग बोनेट उघडा आणि मडगार्ड आणि बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. कारखान्यात रंगलेल्या बोल्टचा रंग अखंड असतो. डोक्याच्या कोपऱ्यांवर पान्याचे ओरखडे असतील किंवा रंग उडाला असेल, तर तो भाग कुणीतरी खोललेला आहे. काचेच्या रबरी बीडिंगवर रंगाचे बारीक तुषार दिसले, तर तो पत्रा नंतर रंगवला आहे.

चारही टायर एकाच कंपनीचे हवेत. टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३१२५ म्हणजे २०२५ सालचा ३१वा आठवडा. स्टेपनी काढून बघा. अनेक मॉडेलांत ती मुद्दामच लहान मापाची असते, तो दोष नाही. तिच्याखाली जॅक, पाना आणि टो हुक आहेत ना ते बघा.

कोल्हापूर-सांगलीकडे एक तपासणी विसरू नका. सीट बेल्ट शेवटच्या टोकापर्यंत ओढून बाहेर काढा. गाडी पाण्यात उभी राहिली असेल, तर गुंडाळलेल्या टोकावर गाळाचा डाग राहतो. बाकी सगळं धुतलं तरी तो सहसा कुणी धुवत नाही. मॅटखाली हात घालून ओल आणि वास बघा.

इंजिनच्या जागेत उंदरांच्या लेंड्या आणि कुरतडलेली वायर शोधा. यार्डात महिनोन्‌महिने उभ्या गाड्यांना हा त्रास नेहमीचा आहे. कूलंट आणि ब्रेक ऑइल किमान-कमाल रेघांच्या मध्ये हवं. चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचे सगळे दिवे आधी लागून इंजिन सुरू झाल्यावर विझले पाहिजेत. इंजिनचा किंवा एअरबॅगचा दिवा अजिबात लागलाच नाही, तर तेही वाईट. एसी, चारही काचा, आरसे, वायपर, हॉर्न, मागचा कॅमेरा, दोन्ही चाव्या एकेक करून बघा. मीटर शंभर किलोमीटरच्या वर असेल तर कारण विचारा. टेस्ट ड्राइव्हची गाडी नवी म्हणून लोटली जाते ती इथेच कळते. ब्रेक डिस्कवरचा तांबूस गंज मात्र चार ब्रेक लावले की जातो, त्यावरून वाद घालू नका.

शेवटी चासी नंबर पत्र्यावर, प्लेटवर आणि कागदावर तिन्ही ठिकाणी जुळवून फोटो काढा. बिल आल्यावर तोच नंबर आहे ना ते बघा. यार्डात पसंत केलेली एक आणि पासिंग झालेली दुसरी, असं गर्दीच्या दिवसांत घडतं.

शोरूम त्यांच्याकडचाच विमा घ्या म्हणतं, नाहीतर कॅशलेस मिळणार नाही असं सांगतं. माझ्या जुन्या गाडीवर सहा वर्षं एकही क्लेम नाही. त्याचा काही फायदा? – वाचक, चिपळूण

फायदा मोठा आहे आणि तो शोरूम तुम्हाला आपणहून सांगणार नाही. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, आणि तो बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. जुनी गाडी विकली की विमा कंपनीला विक्रीचा पुरावा देऊन बोनस राखून ठेवल्याचं पत्र घ्या. ते तीन वर्षं चालतं. नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सवलत बसते, थर्ड पार्टीच्या हप्त्यात मात्र नाही. पत्र पॉलिसी काढण्याआधी हातात हवं.

विमा कुठून घ्यायचा हे तुम्ही ठरवायचं, सक्ती करता येत नाही. बाहेरून घ्यायचा तर चासी नंबर, इंजिन नंबर आणि बिलाची प्रत लागते; पॉलिसीशिवाय पासिंग होत नाही, म्हणून हे दोन दिवस आधी मागून ठेवा. कॅशलेसचा संबंध शोरूमशी नसून, त्या विमा कंपनीचा तुमच्या वर्कशॉपशी करार आहे की नाही याच्याशी आहे. तेवढं विचारा आणि बाहेरचं कोटेशन घेऊन शोरूममध्ये जा. बऱ्याचदा तेच कोटेशन तिथेच जुळवून मिळतं.

दोन कोटेशनांची तुलना करताना आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम, सारखी आहे ना ते आधी बघा. नव्या गाडीची आयडीव्ही एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती कमी दाखवली की हप्ता आपोआप स्वस्त दिसतो. नव्या कारला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा एकदमच घ्यावा लागतो. १,००० सीसीपर्यंत ६,५२१, १,५०० सीसीपर्यंत १०,६४० आणि त्यावर २४,५९६ रुपये अधिक जीएसटी असा त्याचा ठरलेला दर आहे. त्यात कुणी स्वस्त-महाग करू शकत नाही. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा तुमच्याकडे आधीच वेगळा असेल, तर दुसऱ्यांदा घ्यायची गरज नाही.

पॉलिसीच्या जादा पुरवण्यांपैकी झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता भरपाई देणारी, घ्याच. ती नसेल तर प्लॅस्टिक आणि रबराच्या भागांवर ५० टक्के कापतात, आणि हल्लीच्या गाडीचा बंपर पूर्ण प्लॅस्टिकचा असतो. चिपळूणसाठी इंजिन प्रोटेक्टही हवंच. इंजिनात पाणी शिरून झालेलं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चावी मारून बघण्याची सवय आपल्याकडे फार आहे. ती चावी मारू नका, टोइंग बोलवा.

शोरूमचा फायनान्सवाला ‘फक्त ५ टक्के’ म्हणतो, माझी बँक ९ टक्के सांगते. ८ लाखांचं कर्ज, ५ वर्षं. – वाचक, सोलापूर

बँक स्वस्त आहे. फायनान्सवाल्याचे ५ टक्के फ्लॅट आहेत, म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ८ लाखांवर व्याज : दरवर्षी ४० हजार, एकूण २ लाख, हप्ता १६,६६७. बँकेचे ९ टक्के घटत्या शिलकीवर आहेत : हप्ता १६,६०७, एकूण व्याज १ लाख ९६ हजारांच्या आसपास. कुठेही एकच प्रश्न विचारा, ‘हप्ता किती आणि किती महिने?’ गुणाकार केला की टक्केवारीची जादू संपते.

हेच कर्ज सात वर्षांचं केलं, तर ९ टक्क्यांनी हप्ता १२,८७१ वर येतो, पण व्याज २ लाख ८१ हजारांवर जातं. सेल्समन हप्ता कमी करून वरचं मॉडेल विकतो तो याच वाटेने. प्रक्रिया शुल्क, कर्जासोबत गुपचूप जोडलेला कर्जविमा आणि मुदतीआधी फेडल्यास दंड, या तिन्हींचे आकडे मंजुरीपत्रात बघा. कर्ज फिटल्यावर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवायचा असतो. तो राहिला की गाडी विकताना धावपळ होते.

डिसेंबरमध्ये सूट जास्त असते म्हणतात. मग जानेवारीपर्यंत थांबावं का? – वाचक, औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर

किती वर्षं वापरणार त्यावर आहे. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं आणि जुन्या बाजारात भाव त्या वर्षावरून ठरतो. तीन-चार वर्षांत विकणार असाल, तर डिसेंबरची सूट तिथे परत द्यावी लागते. दहा वर्षं वापरणार असाल तर सूट घ्या आणि मोकळे व्हा. नोंदणीची १५ वर्षं तशीही पासिंगच्या तारखेपासून मोजतात.

खरा धोका जानेवारीतच आहे, कारण तेव्हा गेल्या वर्षाची गाडी नव्या वर्षाच्या भावाने विकायचा प्रयत्न होतो. चासी नंबर १७ अक्षरांचा असतो. बहुतेक कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं : आर म्हणजे २०२४, एस २०२५, टी २०२६. महिन्याच्या अक्षराची जागा कंपनीगणिक बदलते, म्हणून तिथे तर्क लढवू नका. फॉर्म २१, म्हणजे विक्रीचा दाखला, त्यात महिना-वर्ष स्पष्ट लिहावं लागतं; त्याचा मसुदा पैसे भरण्याआधी बघायला मागा.

मी कुडाळला राहतो. गोव्यात घेतली तर कर कमी पडतो, तिकडचा नंबर घेऊ का? की देशभर चालणारा बीएच नंबर घेऊ? – वाचक, कुडाळ

गाडी गोव्यात विकत घेऊ शकता, भाव बरा असेल तर जरूर घ्या. पण नंबर तुम्ही जिथे राहता आणि गाडी जिथे उभी असते त्या राज्याचा लागतो. तात्पुरत्या नोंदणीवर इकडे आणून एमएच ०७ करायची. भाच्याच्या म्हापशाच्या पत्त्यावर जीए नंबर घेऊन कुडाळात फिरवणं चालत नाही. परराज्याचा नंबर १२ महिन्यांच्या पुढे ठेवता येत नाही. मग एनओसी आणा, इथला कर भरा आणि तिथला परतावा मागत बसा. क्लेमच्या वेळी पत्ताही विचारतात.

बीएच सगळ्यांना नाही. केंद्र-राज्य सरकार, संरक्षण दल, सार्वजनिक उपक्रम यांतले कर्मचारी, किंवा ज्या खासगी कंपनीची चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं आहेत तिथले. खासगीवाल्यांना फॉर्म ६० वर कंपनीची सही लागते. कर दोन-दोन वर्षांनी भरायचा. दहा लाखांच्या आत ८, वीसपर्यंत १०, त्यावर १२ टक्के हा पाया, डिझेलला दोन जास्त, इलेक्ट्रिकला दोन कमी. बदलीची नोकरी असेल तर सोन्यासारखं, कुडाळातच राहणार असाल तर दर दोन वर्षांनी आठवण ठेवायचं एक काम वाढेल.

जुनी गाडी एक्स्चेंजला देतोय. कोऱ्या फॉर्मवर सह्या मागतात. – वाचक, अमरावती

देऊ नका. मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचं नाव आणि तारीख भरलेली हवी. आरसीवर जोवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागता येते. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं आहे. शोरूमकडे जुन्या गाड्यांच्या व्यवहाराचं अधिकारपत्र असेल, तर फॉर्म २९सी भरून गाडी त्यांच्या ताब्यात गेल्याची नोंद पोर्टलवर करता येते. ती झाल्याशिवाय चावी सोडू नका. फास्टॅगही बंद करा, नाहीतर पुढचे टोल तुमच्या खात्यातून जातील.

डिलिव्हरी तयार आहे, नंबर मात्र आठवड्याने येईल म्हणतात. घेऊन जाऊ का? आणि सोबत बंपर गार्ड, लाइट बसवून देतो म्हणतात. – वाचक, पनवेल

पक्की किंवा तात्पुरती, कोणतीही नोंदणी नसताना शोरूमने गाडी ग्राहकाला द्यायचीच नाही असा नियम आहे. ‘घेऊन जा, बघून घेऊ’ यात अपघात झाला तर बघायला तुम्ही एकटेच असता. नव्या गाडीची हाय सिक्युरिटी प्लेट गाडीसोबतच येते, तिचे वेगळे पैसे द्यायचे नसतात.

बंपर गार्डवर बंदी आहे. कारणही ठोस आहे : धडकेचा जोर सेन्सरपर्यंत नीट पोचला नाही तर एअरबॅग वेळेवर उघडत नाही. सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग असतील, तर बाहेरून घेतलेलं घट्ट सीट कव्हरही नको. शिवण तिथे उसवणारी हवी. लाइट किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना वायर कापून टेप गुंडाळली, की त्या वायरिंगची वॉरंटी नाकारायला कंपनीला कारण मिळतं. कपलरला कपलर जोडून होत असेल तरच करा, आणि ते काम शोरूमच्या बिलावर येऊ द्या.